नवव्या ग्रीनवरची हरळी

"अनसे, ही बघ. हातभर निघाली," असं म्हणत आत्याबाईंनी हरळीची एक लांबलचक मुळी माझ्या नाकासमोर नाचवली. "वरनं बघावं तर एवढीशी. खाली बघ बयेनं केवढा संसार मांडलाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी मुळीकडे बघितलंच नाही, मी त्यांच्या पाठीमागे बघत होते. सकाळी आठ वाजता ज्या ग्रीनवर मी बारा बायका बसवून गेले, ते ग्रीन हिरवंगार होतं. आता साडेअकरा झाले होते आणि अर्धं ग्रीन तांबडं पडलं होतं. नुसती माती, औषधाला काडी नाही. आमच्या बाया पदर खोचून ओळीनं उकिडव्या बसलेल्या, हातातली खुरपी चालूच. मला बघून सगळ्यांच्या तोंडावर हसू फुटलं, कारण आता शाबासकी मिळणार याची त्यांना खात्री होती.

मी मटकन तिथंच बसले. शेजारची कोंडाबाई म्हणाली, ऊन लागलं वाटतं हिला, पाणी आणा.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? खुरपलं. तूच म्हणलीस न्हवं, आपल्या रानात खुरपता तसं स्वच्छ खुरपा."

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. आता सत्तरी गाठली तरी ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, आणि पाठोपाठ हसूही येतं.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. आमचं गाव पिंपळदरा. गावाच्या वर घोडेमाळ, आणि त्या माळावर नऊ भोकांचं गोल्फचं मैदान, इंग्रजाच्या वेळचं. गावात त्याला मैदान कुणी म्हणत नसे, साहेबाचं कुरण म्हणत. कुंपणाच्या तारेत म्हैस शिरली तर दंड, आणि माणूस शिरलं तर चौकशी. त्यामुळे आत काय चालतं हे गावातल्या बायकांनी लांबूनच बघितलेलं. कुणी काठीनं चेंडू मारतं, मग त्याच्यामागं मैलभर चालत जातं, एवढंच ठाऊक. एवढं चालायचंच होतं तर चेंडू मारलाच कशाला, असं कोंडाबाई विचारायची.

मी मात्र सहा वर्षं आत होते, पाणी मारायला. मुकादम होते दगडूतात्या. सगळ्या मैदानाची देखरेख त्यांच्याकडे. गोल्फमध्ये भोक आणि झेंडा असतो त्या वाटोळ्या जागेला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत इतकं बारीक नि घट्ट पाहिजे की चेंडू सतरंजीवर घरंगळावा तसा घरंगळला पाहिजे. आमच्याकडे पूर्वी ग्रीन नव्हतीच. वाळूत गाडीचं जुनं काळं तेल कालवून चोपून बसवायचे आणि त्यावर खेळायचे, त्याला ब्राउन म्हणायचे. तात्यांनी आठ-दहा वर्षं खपून एकेक ब्राउन उकरलं आणि त्यावर गवत धरलं. कुठलं गवत? तर हरळी. आपली बांधावरची, दुर्वांची हरळी. कातरून कातरून तिला असं वळण लावायचं की ती मऊ गादी होऊन जाते. बाकी तिच्यात जे उगवेल, लव्हाळा, दुधी, ते तण. ते तेवढं काढायचं.

आणि आमच्या रानात बरोबर उलटं. हरळीसारखा वैरी नाही. आत्याबाईंनी तर आयुष्यभर हरळीशी उभा दावा मांडलेला. सात गावांत त्यांच्याइतकं खोल खुरपणारी बाई नव्हती. त्यांनी खुरपलेल्या पट्ट्यात पुढची दोन वर्षं हरळी डोकं वर काढत नाही असं लोक सांगायचे. त्यांना हरळीच्या ग्रीनवर बसवून मी सांगितलं, रानात खुरपता तसं खुरपा. आणि ओढ्यातली वाळू आणायला ट्रॅक्टर घेऊन गेले. येताना चाक पंक्चर झालं म्हणून दोन तास खोळंबले. सहा वर्षांत हरळी म्हणजे पीक हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की ते सांगायचं असतं हे सुचलंच नाही.

"आम्ही इचारलं की," कोंडाबाई सांगू लागली. "म्हणलं, हितं पीक कंचं? तर तुझी सासू म्हणली, पीक न्हाई, साहेबास्नी विलायती गवत लावायचंय, तवा हरळी काढा."

झेंड्याच्या बुडाशी मात्र कुणी खुरपं लावलं नव्हतं. तो देवाचा असेल म्हणून पाया पडून पुढं सरकल्या होत्या. त्यामुळे त्या तांबड्या मातीत भोकाभोवती परातीएवढं हिरवं तेवढं शिल्लक होतं.

आता यात माझं काय बुडत होतं ते सांगते. पाडव्याला तात्या रिटायर होणार होते. त्यांनी मुकादम म्हणून माझं नाव पुढं केलं. क्लबाच्या कमिटीत म्हणे हसू झालं. बाई, आणि तीही चौथी शिकलेली, आणि मुकादम. पण सेक्रेटरी होते मेजर फडतरे. ते म्हणाले, हसायचं काम नाही, एक ग्रीन तिच्या हवाली करू. नववं. पाडव्याला वसंत चषकाचे सामने असतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. त्या दिवशी नववं ग्रीन खेळण्याजोगं असेल तर मुकादमकी अनसूयाबाईंची. नसेल तर मुंबईची एक कंपनी सगळ्याच मैदानाचं कंत्राट घ्यायला टपलेली आहे, ती घेईल आणि आपली माणसं आणेल. म्हणजे मीच नव्हे, तात्यांचे आठ माळीही घरी.

आणि नववं म्हणजे शेवटचं, क्लबाच्या व्हरांड्यासमोरचं. पाहुणे तिथंच खुर्च्या टाकून चहा पितात.

मुकादमाला महिन्याचा पगार होता. माझा नवरा साखर कारखान्यावर हंगामी, चार महिने काम नि आठ महिने वाट बघणं. शिवाय मुकादमाला मैदानावरच दोन खोल्या होत्या. घरात नळ, बटण दाबलं की दिवा. माझ्या दोन पोरींना घेऊन मी तिथं राहायला जाणार, हे मी मनात इतक्या वेळा घोकलं होतं की पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेही ठरवून टाकलं होतं. पाडव्याला चोवीस दिवस राहिले होते.

तेवढ्यात दगडूतात्या आले. त्यांनी ग्रीन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत्याबाईंच्या हातातली मुळी बघितली. मला वाटलं आता म्हातारा छाती धरून खाली पडतो. तात्या खाली बसले खरे, पण हसत. असे हसले, असे हसले की टोपी पडली, डोळ्यांना पाणी आलं, ठसका लागला. मधेच म्हणायचे, माझ्या बापाला ही बाई सून म्हणून मिळाली असती तर रान किती साफ राहिलं असतं. आणि पुन्हा हसायचे. तात्यांचं बघून माळी हसायला लागले, माळ्यांचं बघून बाया. का हसतोय ते त्यांना अजून कळलं नव्हतं तरी. मी एकटीच रडत होते आणि तेही मला नीट जमेना.

हसणं ओसरल्यावर मी बायकांना समजावून सांगितलं. हरळी हेच इथलं पीक. सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. गोदाबाईनं तोंडावर पदर घेतला. मी म्हटलं, "तुमचा कुणाचा दोष नाही. मीच तसं सांगितलं. चूक माझी."

आत्याबाईंनी हातातली मुळी हळूच खाली ठेवली.

काढलेली हरळी परत लावता येईल, असं तात्या म्हणाले. जीव मोठा चिवट असतो तिचा. मग शोधाशोध. निम्मा ढीग उन्हात वाळत पडला होता, कारण हरळी काढली की उन्हात टाकायची हा आत्याबाईंचा नेम. उरलेल्यातले दोन भारे गोदाबाईनं लेकराला पाजायला घरी जाताना म्हशीसाठी नेले होते. आम्ही पळालो. मी पुढं, गोदा मागं, तिच्यामागं कोंडाबाई, आणि सर्वांत मागं आत्याबाई. गावातले लोक ओट्यावरून उठून उभे राहिले. एक भारा संपला होता. दुसऱ्याला तोंड लागलं होतं. मी म्हशीच्या तोंडातली हरळी धरून ओढायला लागले. म्हैस एका बाजूनं, मी एका बाजूनं. म्हशीला यातलं काही समजेना. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की सुना सगळ्यांच्याच घरी असतात, पण हे काय. शेवटी तिनं जीभ फिरवली आणि माझ्या हातात चार ओल्या काड्या राहिल्या.

मी गोठ्यातच भिंतीला टेकून बसले. मग आत्याबाई पुढं आल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "हरळी पायजे न्हवं? मग मला इचार की. म्हशीला काय इचारतीस?"

आणि खरंच, हरळी कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चाळीस वर्षं त्यांनी तिच्यावर पाळत ठेवलेली. कुणाच्या बांधावर जाड आहे, कुठल्या ओढ्याकाठी लांब कांड्यांची आहे, कुणाच्या पडीत ती आडवीतिडवी माजली आहे, सगळं तोंडपाठ. त्या पुढं चालायला लागल्या आणि आम्ही बारा जणी मागनं. ही नको, दांडगी आहे. ही नको, पान रुंद आहे. ज्याच्या बांधावर जाऊ तो शेतकरी आधी संशयानं बघायचा. हरळी न्यायला आलोय म्हटल्यावर त्याला वाटायचं चेष्टा करतायत. हरळी मागायला कुणी कधी कुणाच्या दारात गेलं होतं का? एक म्हातारबा तर हात जोडून म्हणाले, आयांनो, माझं एक एकर भरलंय, सगळी न्या, जेवायला घालतो.

ही बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या फाटकासमोर दोन बैलगाड्या तण येऊन पडलं होतं. हरळी, कुंदा, लव्हाळा, काटे, जे सापडेल ते लोकांनी आणून ओतलं होतं. पहारेकरी डोक्याला हात लावून बसला होता. साहेब लोक तण विकत घेणार अशी हूल कुणीतरी उठवली होती.

पण आत्याबाईंना हवी होती ती हरळी सापडली बिरूबा धनगराच्या वाड्यामागं. तिथं वर्षानुवर्षं मेंढरं बसायची. मेंढरांनी ती कुरतडून कुरतडून इतकी बारीक केली होती, आणि खाली लेंड्यांचं खत, की हात फिरवला तर केसांवरून फिरवल्यासारखं वाटावं. तात्यांनी गुडघे टेकून बघितलं आणि म्हणाले, मी दहा वर्षं कातरून जे करतोय ते मेंढरं फुकट करून बसलीत. बिरूबानं हवी तेवढी न्या म्हणून सांगितलं.

आत्याबाईंनी खुरप्यानं मातीसकट हरळीची एक चकती कापून काढली, भाकरीएवढी. जराही न मोडता. ती दोन्ही तळहातांवर घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आख्खा जन्म हिचं वाटोळं करन्यात गेला. आता पाटीत घालून मिरवत न्यायची."

तीन दिवस आम्ही चकत्या वाहिल्या. डोक्यावर पाट्या, एकीमागं एक, माळ चढून वर. एकेक चकती मांडायची, सांध्यात बारीक चाळलेली वाळू नि पोयटा भरायचा, वरून पाणी शिंपडायचं. दिवसभर थट्टा. कोंडाबाई प्रत्येक चकतीला नाव ठेवायची आणि सासरी नीट राहा म्हणून बजावून खाली ठेवायची. लग्नघरात असतो तसला उत्साह चढला होता सगळ्यांना.

शुक्रवारी दुपारी शेवटची चकती बसली. आता दाबायचं कसं? रूळ फिरवला तर ओल्या चकत्या सरकतात. तात्या म्हणाले, पायानं दाबा, सारखा भार पडला पाहिजे. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सारखा भार पडायला काय लागतं ते त्यांना शिकवायची गरज नव्हती. बघता बघता फेर धरला गेला. झिम्मा झाला, मग फुगड्या. कधी नव्हे ते साहेबाच्या कुरणात, भर दुपारी, शिमग्याच्याही आधी. आत्याबाई पासष्टीच्या, पण कोंडाबाईचे हात धरून अशा गरागरा फिरल्या की त्यांचा अंबाडा सुटला. मीही शिरले. मला वाटतं तेवढी मोकळी मी लग्नात नि मंगळागौरीतही नाचले नव्हते. तात्या बाजूला उभं राहून, इकडं कमी दाबलंय, त्या कोपऱ्यात दोन फुगड्या घाला, असं सांगत होते.

आणि मेजरसाहेबांची स्कूटर आली. दर शुक्रवारी ते पाहणीला येत, ते आम्ही साफ विसरलो होतो.

फेर जागच्या जागी थांबला. साहेबांनी स्कूटर स्टँडवर लावली आणि शांतपणे विचारलं, "अनसूयाबाई, हा काय प्रकार आहे?"

"ग्रीन दाबतोय, साहेब."

ते वाकले. सांधे त्यांना दिसलेच. त्यांनी विचारलं, गवत का बदललं. तात्यांनी मला उत्तर पढवून ठेवलं होतं: मुळं खाणारी हुमणी लागली होती म्हणून. तात्या मागून खाकरलेही. मी हुमणी म्हणायला तोंड उघडलं. पण समोर बारा जणी धापा टाकत उभ्या, पाय चिखलानं भरलेले. त्यांच्या देखत ते खोटं माझ्याच्यानं बोलवेना.

"साहेब, हरळी आम्हीच काढली," मी म्हटलं. "सांगण्यात माझी चूक झाली. गावात हरळी काढायचीच असते. आता आम्हीच परत लावली."

साहेब पाठ फिरवून स्कूटरकडे बघत उभे राहिले. ते माणदेशातले, शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचे खांदे हलत होते. पण वळले तेव्हा चेहरा परेडवर असावा तसा.

"पाडव्याला कंपनीचा माणूस कागद घेऊन येणार आहे," ते म्हणाले. "त्याच्यासमोर मी स्वतः या ग्रीनवर चेंडू मारणार. सरळ गेला तर कागद परत जाईल. सांध्यावर उडाला, वाकडा गेला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ते गेल्यावर बायकांनी आपसांत ठरवून टाकलं की साहेबाचा चेंडू भोकात पडला तर अनसी मुकादम. मी दोनदा समजावलं की तसं नाही, सरळ जायला हवा एवढंच. पण भोक डोळ्यांसमोर असताना ही भानगड कुणाला पटणार? गावात तेच पसरलं.

मग वीस दिवस. दिवसातून तीनदा पाणी. आत्याबाई उजाडायच्या आत माळावर. त्यांना आता लव्हाळ्याचा इतका राग यायला लागला की कधी काळी हरळीला दिलेल्या शिव्या त्यांनी जशाच्या तशा त्याला लावल्या. आणि हरळीशी काय लाडीगोडी. बाय माझे, वाढ, घाई करू नकोस पण वाढ. शिमगा झाला. चकत्यांचे सांधे मिटायला लागले. पहिल्यांदा गवत कापायचं हातमशीन फिरवलं तेव्हा मी शेजारून वाकून बघत चालले होते. सांधे जागचे हलले नाहीत.

पाडव्याला माळावर गाड्याच गाड्या. व्हरांड्यात पाहुणे, रंगीत छत्र्या, चहाच्या किटल्या. आम्ही बायका ग्रीनपासून पंचवीस पावलांवर सिल्व्हर ओकच्या झाडांमागं दाटीवाटीनं उभ्या. नवी लुगडी नेसून. तात्या शेजारी टोपी सावरत. कंपनीचा टायवाला माणूस ग्रीनवर आला, बुटाच्या टोकानं दोन ठिकाणी दाबून बघितलं आणि बाजूला झाला. मेजरसाहेबांनी ग्रीनच्या पार कडेला चेंडू ठेवला. तिथून भोकापर्यंत जाताना मेंढरांच्या हरळीचे सगळे सांधे ओलांडावे लागणार होते. त्यांनी मुद्दामच ती जागा निवडली असणार. मी कोंडाबाईचा दंड घट्ट धरला.

साहेबांनी अलगद मारला. चेंडू निघाला. पहिला सांधा गेला, दुसरा गेला. तो जरासुद्धा उडाला नाही, जरासुद्धा वळला नाही. कुणीतरी दोरी धरून ओढल्यासारखा सरळ आला, झेंड्याभोवतीच्या जुन्या गवतावर चढला आणि भोकापासून वीतभर अलीकडे थांबला.

बायकांच्या तोंडून एकदम हाय निघाली. गोदाबाईनं डोळे मिटले. मला मात्र आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, कारण चेंडू सरळ आला होता, जिंकलो होतो. हे सांगायला मी आत्याबाईंकडे वळले. त्या झाडाला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"अनसे, माझ्यामुळं झालं गं," त्या म्हणाल्या. "म्या मुद्दाम काढली हरळी."

मला आधी अर्थच लागेना.

"मला कळत न्हवतं व्हय? भांग पाडल्यावानी कातरलेली, कुनी रोज हात फिरवलेली हरळी. ती काय तण आसती? कोंडी इचारत व्हती, तरी म्या म्हणलं काढा. म्हणलं, ग्रीन बिघडलं की तू ऱ्हाशील घरात. तू पोरीस्नी घिऊन वर जाणार, मी त्या घरात एकटी भितीकडं बघत बसणार. माझ्या मनात पाप आलं."

"मग लावलीत कशाला?"

"सगळ्यांच्या म्होरं चूक माझी म्हणलीस. माझं नाव न्हाई घेतलंस. आन् मग त्या म्हशीच्या तोंडातनं वढाय लागलीस. मला बघवंना."

राग आला. कशाला खोटं सांगू, भयंकर राग आला. चोवीस दिवस माझा जीव टांगणीला लागला होता तो हिच्यापायी. आणि नेमकी तेव्हाच ग्रीनवरून हाक आली, "मुकादम."

कुणीच हललं नाही. मला वाटलं तात्यांना हाक आहे. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"अनसूयाबाई मुकादम," मेजरसाहेबांनी पुन्हा हाक मारली. "जरा इकडे या. हे पाहुणे विचारतात, हे गवत कुठून मागवलं?"

मी चपला काढून ग्रीनवर गेले. पाय मऊ गवतात रुतत होते आणि मागून आत्याबाईंचं हुंदके देणं ऐकू येत होतं. टायवाल्यानं कागद खिशात घालून टाकले होते. मी सांगितलं, गवत बिरूबाच्या वाड्यामागचं आहे आणि निवडलं माझ्या सासूबाईंनी. पाहुणे तिकडं बघायला लागले. झाडामागं काय झालं कुणास ठाऊक. चेंडू भोकात न पडताही आपण जिंकलो हे तात्यांनी कसंबसं समजावलं असावं, कारण एकदम गलका उठला आणि पुढच्याच क्षणी कोंडाबाईनं आत्याबाईंना धरून गरकन फुगडी घातली. रडता रडताच त्या फिरत होत्या. व्हरांड्यातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे.

तीन दिवस मी आत्याबाईंशी बोलले नाही. जेवायला वाढायचे, पाणी द्यायचे, पण शब्द नाही. चौथ्या दिवशी मी बैलगाडीत सामान भरलं, पोरींना वर बसवलं. आत्याबाई उंबऱ्यात बसून पोरींकडे बघत होत्या. त्यांच्या मांडीवर काही नव्हतं, हात रिकामे. त्या हातांना असं रिकामं मी कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

"बसलाय काय?" मी म्हटलं. "बैल खोळंबलेत."

"मी कशी येऊ?"

"मग वर खुरपायला काय मुंबईहून माणूस आणू?"

त्या उठल्या. आत गेल्या आणि क्षणात बोचकं घेऊन बाहेर आल्या. ते बांधलेलंच होतं. मला हसू आलं, ते त्यांनी बघितलं, आणि मग घोडेमाळ येईपर्यंत आम्ही दोघी गाडीत नुसत्या हसत होतो. पोरी आमच्याकडे बघत राहिल्या.

दोन्ही खोल्या त्यांनी फिरून बघितल्या. नळ सोडला, बंद केला. भर दुपारी दिव्याचं बटण तीनदा दाबलं. मग आतल्या खोलीत, खिडकीखाली, बोचकं ठेवून म्हणाल्या, "ही माझी. पोरी माझ्यापाशी निजतील. तू नि तुझा नवरा भाईर."

नऊच्या नऊ ग्रीन आता माझ्या हुकमाखाली होती. मी मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत आमचं अंथरूण टाकलं.